यष्ट्यांच्या मागचा माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लोणखेड्यात आणि नदीपलीकडे शहाद्यात मला लोक कवी म्हणून ओळखतात. पण कोणी माझी ओळख करून देताना 'हे आमचे कवी' असं म्हणालं, की मला मध्येच सांगावंसं वाटतं, 'त्याच्या आधी मी विकेटकीपर होतो.' माझ्या कविता किती टिकतील हे मला ठाऊक नाही. पण यष्ट्यांच्या मागे उकिडवं बसण्यात माझी बारा वर्षं गेली आणि त्याचा पुरावा माझ्याजवळ आहे. उजव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही. थंडी पडली, की ती सगळ्यात आधी बोलू लागते.

आमचं घर पिंजाऱ्यांचं. माझे अब्बा दसरा झाला, की पिंजण खांद्यावर टाकून निघायचे. मंदाणा, म्हसावद, प्रकाशा, सारंगखेडा. ज्या गावात हाक येईल तिथे ओट्यावर बसायचं, जुन्या गाद्यांचा गोळा झालेला कापूस उसवायचा, पिंजायचा, परत भरायचा, टाके घालायचे आणि दिवसाची मजुरी घेऊन पुढच्या गावाला जायचं. पिंजणाची तात वाजायला लागली, की तिचा 'ट्यंव ट्यंव' आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. लोक म्हणायचे, 'थंडी आली, पिंजारी आला.' थंडीची गादी सगळ्यांना हवी असते. ती कोणी भरली, हे मात्र त्या गादीवर निजणाऱ्याला ठाऊक नसतं. अब्बांना त्याचं वाईटही वाटत नसे.

मी विकेटकीपर झालो तो असाच, कोणी झालं नाही म्हणून. गोमाईच्या काठावर आमचं मैदान होतं. मैदान म्हणजे काय, उन्हाळ्यात ढेकळं फोडून सपाट केलेला तुकडा. गावातल्या थोरामोठ्यांची पोरं बॅटिंग करायची, ज्यांचे हात लांब ती बोलिंग करायची. मी बुटका होतो. कप्तानाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'तू मांगे उभा ऱ्हाय.' झालं. चेंडू कॉर्कचा. ग्लोव्हज कोणाकडेच नव्हते. पहिल्या दिवशी तळहात असे सुजले, की रात्री ताटातली भाकरी मोडवेना. अम्मीने विचारलं, मी काही सांगितलं नाही. अब्बांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि तेही काही बोलले नाहीत. सकाळी उठलो तर उशाशी जुन्या तंबूच्या कापडाचे दोन पंजे शिवून ठेवलेले. आत चांगला पिंजलेला कापूस भरलेला, गादीला घालतात तसे वरून टाके घातलेले. मी जन्मभर खूप ग्लोव्हज पाहिले, तसे पुन्हा पाहिले नाहीत.

मागे उभं राहायला लागल्यावर हळूहळू कळलं, की हे काम फार वेगळं आहे. बॅटिंग करणाऱ्याला एक चेंडू चुकला तर सुटका असते, तो बाद होऊन झाडाखाली जाऊन बसतो. विकेटकीपरला सुटका नाही. कसोटीत दिवसाला नव्वद षटकं ठरलेली असतात. नव्वद षटकं म्हणजे पाचशे चाळीस चेंडू, म्हणजे पाचशे चाळीस उठाबशा. त्यांतल्या बहुतेक चेंडूंना तुमचा हातही लागत नाही, फलंदाज मारतो किंवा अडवतो. पण प्रत्येक चेंडू तुमच्याकडेच येणार आहे, असं धरूनच बसावं लागतं. फिरकी गोलंदाज असेल तर यष्ट्यांना नाक लागेल इतकं जवळ. चेंडू टप्पा घेतो तेव्हा मध्ये फलंदाजाचं अंग येतं, बॅट येते, क्षणभर काही दिसत नाही. तेव्हा हात अंदाजाने चालतात. आणि नियम असा, की चेंडू टप्पा घेईस्तोवर उठायचं नाही. जो आधी उठला, त्याच्या हाताखालून चेंडू गेलाच म्हणून समजा.

दुसरी एक गंमत. मैदानावरचे बाकीचे क्षेत्ररक्षक यष्ट्यांकडे तोंड करून उभे असतात. विकेटकीपर एकटाच असा, की ज्याच्या समोर सगळं मैदान पसरलेलं असतं. कोणाचा पाय दुखतो आहे, कोण आळसावला आहे, फलंदाज कुठे मारायच्या बेतात आहे, गोलंदाज थकलेला असून सांगत नाही, हे सगळं त्याला दिसतं. त्याच्या नावावर मात्र स्कोअरबुकात फार थोडं लिहिलं जातं. झेल आणि यष्टिचीत यांच्यापुढे नाव येतं. ते गेले, की उरतात बाइज. त्या कोणाच्या चुकीने गेल्या हे बघणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या काळात मी जे विकेटकीपर होते त्यांची नावं जपमाळेसारखी पाठ केली होती. नरेन ताम्हाणे, माधव मंत्री, सय्यद किरमाणी, बडोद्याचा किरण मोरे. आणि एक नाव, चंद्रकांत पंडित. मुंबईचे, रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीतले. जन्म १९६१ चा, म्हणजे माझ्याहून आठेक वर्षांनी मोठे. मी त्यांना प्रथम ऐकलं ते १९८६ मध्ये. ऐकलं असंच म्हणतो, कारण आमच्याकडे तेव्हा क्रिकेट ऐकायचीच गोष्ट होती.

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजातला अंतिम सामना. जुम्याची नमाज आटोपून मी चौकातल्या ओट्यावर येऊन बसलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार धावा हव्यात, चेतन शर्माच्या हातून फुलटॉस पडला आणि जावेद मियाँदादने षटकार मारला. रेडिओवर काही क्षण नुसता गोंगाट होता. ओट्यावर सगळे गप्प. मग कोणीतरी माझ्याकडे न बघता म्हणालं, 'आज काही घरांत दिवाळी असेल.' ओट्यावर त्या नावाचा मी एकटाच होतो. माझे कान तापले. आमचा कप्तान, मला मागे उभं करणारा, तोच उठला आणि म्हणाला, 'अरे, याचं तोंड तर बघा.' त्याने एवढंच म्हटलं. मी रडत होतो. पण खरं सांगू, मी देश हरला म्हणून जेवढा रडत होतो त्याहून अधिक आणखी एका माणसासाठी रडत होतो. तो चेंडू पडला तेव्हा चेतन शर्मा आणि मियाँदाद यांच्याखेरीज तिसरा एक माणूस त्या खेळपट्टीच्या रेषेत बसलेला होता. चंद्रकांत पंडित. चेंडूच्या वाटेकडे डोळे लावून, हात पुढे करून. चेंडू त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. ज्याने हे काम केलं आहे त्याला कळेल, की आलेला चेंडू सुटण्यापेक्षा न आलेला चेंडू जास्त लागतो.

पुढे त्याच वर्षी जूनमध्ये पंडित इंग्लंडमध्ये लीड्सला पहिली कसोटी खेळले. पण विकेटकीपर म्हणून नाही, नुसते फलंदाज म्हणून. यष्ट्यांच्या मागे किरण मोरे होता. तो उत्तम होता आणि पुढची सात-आठ वर्षं ती जागा त्याचीच राहिली. भारताने ती मालिका जिंकली. पंडित संघात येत-जात राहिले. १९८७ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, ५ नोव्हेंबर, वानखेडे मैदान. दिलीप वेंगसरकर आजारी पडले म्हणून ऐनवेळी पंडित आत आले. ग्रॅहॅम गूचने स्वीपवर स्वीप मारत शतक काढलं. पंडितांनी चोवीस धावा केल्या. भारत पस्तीस धावांनी हरला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गूचचा फोटो होता, कपिलदेव कसा बाद झाला त्याची चर्चा होती. त्या चोवीस धावांबद्दल कोणी काही लिहिलेलं मला आढळलं नाही.

१९९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते शेवटची कसोटी खेळले. हिशेब असा, की पाच कसोटी, छत्तीस एकदिवसीय सामने. इकडे प्रथम श्रेणीचा आकडा बघा. १३८ सामने, आठ हजारांहून अधिक धावा, बावीस शतकं, सरासरी अठ्ठेचाळीसच्या पुढे. एवढी सरासरी असणारे फलंदाज देशाकडून वर्षानुवर्षं खेळले आहेत. पण संघात विकेटकीपरची जागा एकच असते. सहा फलंदाज लागतात, चार गोलंदाज लागतात. यष्ट्यांच्या मागे दुसऱ्या माणसाला जागा नाही. तिथे कोणी पक्का बसला, की दुसऱ्याने पाण्याच्या बाटल्या न्यायच्या, सराव द्यायचा आणि वाट बघायची.

मला हे नीट समजतं, कारण कविसंमेलनांत मीही राखीव राहिलो आहे. एकदा एका मोठ्या गावी नामवंत कवींची गाडी चुकली म्हणून संयोजकांनी मला दुपारी निरोप पाठवला. मी मिळेल त्या एसटीने पोचलो. मला पहिल्यांदा वाचायला सांगितलं. मी दोन कडवी वाचली आणि मागून आवाज आला, 'हां, माइक बरोबर चालतोय.' तेवढ्यात नामवंत कवी आले. माझी तिसरी आणि चौथी कडवी अजून माझ्या खिशात आहेत.

असो. पंडितांची गोष्ट इथे संपली असती, तर मी आज तुमच्याशी बोलायला बसलो नसतो. मुंबईकडून खेळताना १९९१ च्या रणजी अंतिम सामन्यात हरियाणाविरुद्ध दोन धावांनी हार बघितलेला हा माणूस पुढे मुंबई सोडून निघाला. आसामकडून खेळला, मग मध्य प्रदेशकडून. मुंबईत वाढलेल्या क्रिकेटपटूने तिकडे जाणं म्हणजे त्या काळी उतार समजला जाई. त्या वाटेने गेलेले ते एकटे नव्हते. सुलक्षण कुलकर्णी, तेही मुंबईचे विकेटकीपर, ते रेल्वे, विदर्भ, आसाम, मध्य प्रदेश असे फिरले. विनायक सामंत यांनीही मुंबईसोबत आसामचे ग्लोव्हज घातले आहेत. अलीकडे आदित्य तरे, ज्याने मुंबईला २०१५-१६ चा रणजी करंडक कप्तान म्हणून मिळवून दिला, तो पुढे उत्तराखंडला गेला. जिथे यष्ट्यांच्या मागची जागा रिकामी, तिथे पेटी उचलून जायचं. हा त्या धंद्याचा रिवाजच आहे.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तिकडे बेसबॉल. त्या खेळातही मागे उकिडवा बसणारा एक माणूस असतो, त्याला कॅचर म्हणतात. तोंडावर जाळी, छातीला ढाल, नडग्यांना कवच आणि एका हातात जाड गादीसारखा ग्लोव्ह. त्यालाही सगळं मैदान समोर दिसतं. गोलंदाजाने कोणता चेंडू टाकायचा हे तो खुणांनी सुचवतो. पुतण्याने २०२३ च्या नोव्हेंबरात मला फोन केला. म्हणाला, 'चाचा, आमचा संघ पहिल्यांदा जिंकला आणि त्याचा व्यवस्थापक जुना कॅचर आहे. जर्नीमन कॅचर.' मी विचारलं, 'म्हणजे फार प्रवास केलेला?' तो म्हणाला, 'तसंच काहीसं.'

त्या माणसाचं नाव ब्रूस बोची. १९७८ ते १९८७ या काळात नऊ हंगाम, तीन संघ आणि सगळे मिळून ३५८ सामने. तिकडे एका हंगामातच दीडशेच्या वर सामने होतात, म्हणजे त्याचा बहुतेक वेळ बाकावरच गेला. पण बाकावर बसून तो खेळ वाचत होता. व्यवस्थापक झाल्यावर त्याने सान फ्रान्सिस्कोला २०१०, २०१२ आणि २०१४ अशी तीन अजिंक्यपदं मिळवून दिली. निवृत्त झाला. परत आला आणि टेक्सासला २०२३ चं मिळवून दिलं, ते त्या संघाचं पहिलंच.

मी कवी माणूस, शब्द हाती लागला की सोडवत नाही. 'जर्नीमन' मी मोठ्या कोशात शोधला. मला वाटत होतं, की त्याचा संबंध प्रवासाशी असेल. पण तसं नाही. फ्रेंच भाषेत 'दिवस' या अर्थाचा जो शब्द आहे त्यातून तो आला आहे. युरोपातल्या कारागिरांत जो शिकाऊ राहिलेला नाही, पण ज्याची स्वतःची पेढीही नाही, जो दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याकडे काम करतो, तो जर्नीमन. म्हणजे हात तयार आहे, पाटीवर नाव नाही. हे वाचलं आणि मी कोश मिटून ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे अब्बा आले. खांद्यावर पिंजण, म्हसावदच्या रस्त्याने निघालेले.

आता थोडं घरातलं सांगतो. सांगावं की नाही, असा बराच विचार केला.

माझा धाकटा मुलगा विकेटकीपर झाला. मी त्याला केलं नाही, तो आपणहून मागे जाऊन उभा राहिला. माझ्याहून चांगला. हात मऊ होते त्याचे. चेंडू त्याच्या ग्लोव्हजमध्ये गेला तरी आवाज व्हायचा नाही. शाळेकडून खेळला, कॉलेजकडून खेळला, जिल्ह्याकडून खेळला. मग पुढच्या निवड चाचण्या सुरू झाल्या. रात्रीची एसटी पकडायची, सकाळी मोठ्या शहरात उतरायचं, स्टँडवर तोंड धुवायचं आणि मैदानावर जायचं. एका चाचणीत दिवसभर उभं राहून त्याला दोन षटकं कीपिंग मिळालं आणि बॅटिंग मिळालीच नाही. संध्याकाळी यादी वाचली, त्यात नाव नव्हतं. असं तीन वर्षं झालं. चौथ्या वर्षी तो परत आला, तेव्हा मी दारातच उभा होतो. त्याने पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधी मी बोललो, 'बेटा, आता बस झालं. ग्लोव्हज खुंटीला टांग आणि कामधंद्याचं बघ.'

त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, 'ठीक आहे, अब्बा.' आणि खरोखर खुंटीला टांगले. दुसऱ्या आठवड्यात शहाद्यात एका मोबाइलच्या दुकानात लागला. तीन वर्षं त्याने ते ग्लोव्हज काढले नाहीत आणि माझ्यापाशी क्रिकेटचा विषयही काढला नाही. आमच्या घरात बोलणं बंद नव्हतं. मीठ दे, दिवा लाव, डॉक्टरकडे जायचं आहे, सगळं चालू होतं. पण पूर्वी आमच्यात जी एक गोष्ट होती, ती नव्हती. मी बाप म्हणून योग्य तेच बोललो, असं स्वतःला रोज सांगत होतो. जे रोज सांगावं लागतं ते आपल्याला पटलेलं नसतं, एवढं कवीला कळायला हवं होतं.

२६ जून २०२२, रविवार. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. एका बाजूला मुंबई, एकेचाळीस वेळा करंडक जिंकलेली. दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, एकदाही न जिंकलेला. आमच्या लोणखेड्याला मध्य प्रदेश काही परका नाही, शहाद्याहून खेतियाकडे निघालं की थोड्याच वेळात लागतो. पण मी टीव्ही लावला तो त्यासाठी नाही. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित.

मधल्या काळात ते मोठे प्रशिक्षक झाले होते. मुंबईला त्यांनी २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन रणजी करंडक मिळवून दिले. २०१७ च्या सुरुवातीला मुंबई गुजरातकडून अंतिम सामना हरली आणि त्यानंतर ते मुंबईचे राहिले नाहीत. पेटी उचलून विदर्भात गेले. विदर्भ तोवर कधीच जिंकला नव्हता. पहिल्याच हंगामात, १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून विदर्भाने करंडक घेतला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा घेतला. मग ते मध्य प्रदेशात गेले. शिस्तीला फार कडक, असं त्यांच्याबद्दल सगळे सांगतात.

पण त्या मैदानाचा आणि त्यांचा एक जुना हिशेब होता. एप्रिल १९९९, हेच चिन्नास्वामी, रणजीचाच अंतिम सामना. मध्य प्रदेशचे कप्तान पंडित होते. समोर कर्नाटक. मध्य प्रदेशने पहिल्या डावात पंच्याहत्तर धावांची आघाडी घेतली होती. शेवटच्या दिवशी सामना नुसता अनिर्णित राखला असता, तरी करंडक त्यांचा होता. पण शेवटच्या सत्रात विजय भारद्वाजच्या फिरकीने सहा बळी घेतले, डाव दीडशेत आटोपला आणि ते शहाण्णव धावांनी हरले. त्यानंतर दोन-एक वर्षांत पंडितांचं खेळणं थांबलं.

तेवीस वर्षांनी तोच माणूस त्याच मैदानाच्या कडेला उभा होता. मध्य प्रदेशने पहिल्या डावात पाचशे छत्तीस धावा केल्या होत्या. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांची शतकं. शेवटी १०८ धावा हव्या होत्या. मी पुढे सरकून बसलो होतो. थोड्या वेळाने पाहतो तर धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा. मी मागे वळून पाहिलं नाही. चार गडी गेले, पण धावा झाल्या. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. पोरं मैदानात धावली. आणि पंडित रडत होते. साठी ओलांडलेला, शिस्तीचा, पोरांना घाबरवणारा माणूस सगळ्या देशासमोर रडत होता. मग त्या पोरांनी त्यांना उचलून घेतलं.

खोलीत आम्ही दोघेच. मी म्हणालो, 'मी तुला जे बोललो होतो...' पुढचं वाक्य मला जमेना. आयुष्यभर शब्दांचा धंदा केला आणि ऐनवेळी चेंडू हातातून सुटावा तसं झालं. तो म्हणाला, 'अब्बा, तुम्ही चुकीचं नव्हतं सांगितलं. मी घेतलाच गेलो नसतो.' थोडं थांबून म्हणाला, 'पण मला कीपिंग येतं.'

एवढंच. 'मला कीपिंग येतं.' यादीत नाव येण्याचा आणि हात तयार असण्याचा काही संबंध नाही, हे माझ्या बापाला माहीत होतं, माझ्या मुलाला माहीत होतं. मधल्या मध्ये मी बीए झालो होतो, मला ते माहीत नव्हतं.

त्याने उठून खुंटीवरचे ग्लोव्हज काढले. चामडं वाळून कडक झालं होतं. खोबरेल तेलाचा हात फिरवून त्याने ते उन्हात ठेवले. आतले सुती मोजे उंदरांनी कुरतडले होते. मी म्हणालो, 'ते मी करतो.' पिंजण आता घरात नाही, यंत्र आल्यावर तो धंदा गेला. पण माझ्या भावाचं गाद्यांचं दुकान आहे, तिथून चांगला कापूस आणला आणि चाळिशीचा चष्मा लावून टाके घालत बसलो. अब्बांसारखे जमले नाहीत. पण वापरता येतील एवढे झाले.

तेव्हापासून धाकटा दुकान सुटलं, की गोमाईच्या काठावर जातो. तीसेक पोरंपोरी येतात. पाटलांची आहेत, आमच्या मोहल्ल्यातली आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून इथे शिकायला राहिलेली आहेत. फी नाही. ज्याला द्यायची असेल त्याने चेंडू आणायचा. त्यातलं कोणी उद्या मोठ्या संघात जाईल, असा माझा दावा नाही. चंद्रकांत पंडितांच्या वाट्याला सहा रणजी करंडक आले, पुढे २०२४ मध्ये ते प्रशिक्षक असताना कोलकात्याने आयपीएलही जिंकली आणि २०२५ मध्ये तिथूनही ते निघाले. प्रत्येकाच्या वाट्याला असं येत नाही. बोचीसारखे कॅचर अमेरिकेत शेकड्यांनी झाले असतील, त्यांची नावं माझ्या पुतण्यालाही माहीत नाहीत. ते आज कुठेतरी कोणाला तरी शिकवत असतील, 'टप्पा पडेस्तोवर उठू नको.'

मीही संध्याकाळी तिथे जातो. निंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून स्कोअरबुक लिहितो. सध्या एक पावरा मुलगी कीपिंग करते, सातवीतली. ग्लोव्हज तिच्या हाताला मोठे होतात, म्हणून मी आत कापूस जरा जास्त भरून दिला आहे. परवा फिरकीवर चेंडू खाली राहिला आणि तिच्या दोन्ही पायांमधून मागे गेला, थेट नदीच्या उतारापर्यंत. चार बाइज. तिने घाबरून माझ्या मुलाकडे पाहिलं. तो लांबूनच ओरडला, 'आधी उठलीस. परत बस.'

ती परत बसली. मी बाइजच्या रकान्यात चार लिहिले आणि पुढचा चेंडू बघायला मान वर केली.